मोटरहोमच्या जॅकखालचे पॅड: प्रकल्प नोंदी, २०२५

गाडी: फोर्ड एफ-५३ चासिसवरचं पेट्रोल मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी), कमाल परवानगीचं वजन २२,००० पौंड, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २२८ इंच. मुक्कामाला गाडी समतल करणारे चार सरळ उतरणारे हायड्रॉलिक जॅक, प्रत्येकाचा पाय १० इंच व्यासाचा गोल. जॅक पूर्ण वर घेतल्यावर पाय जमिनीपासून ९ इंच उंच राहतो.
वापराचा भाग: टेक्सासचा ब्लॅकलँड प्रेअरी हा काळ्या मातीचा पट्टा, म्हणजे डॅलस, वेको, टेंपल, ऑस्टिन ही रेषा.
काम: खडी, काळी माती आणि उन्हाळ्यातलं डांबर या तिन्हींवर चालेल असा पॅडचा संच घरी बनवणं.

८ मार्च

वजन करून घेतलं. पाण्याची टाकी आणि पेट्रोल पूर्ण, सामान नेहमीच्या मुक्कामाइतकं. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळ्या फलाटांवर येईल अशी गाडी उभी केली की दोन्ही आकडे एकदम मिळतात. पुढे ७,४२० पौंड, मागे १३,१८० पौंड, एकूण २०,६००.

या वजनकाट्यावर डावी-उजवी बाजू वेगळी कळत नाही. स्वयंपाकघर, फ्रिज आणि स्लाइड (मुक्कामात बाहेर सरकवायचा खोलीचा भाग) एका बाजूला असतील तर ती बाजू जड असते. म्हणून ॲक्सलचा आकडा निम्मा करून त्यावर १० टक्के वाढवले. मागच्या जॅकला ७,२५० पौंड, पुढच्याला ४,०८० पौंड. टायर जमिनीवरच टेकलेले राहत असल्याने प्रत्यक्षात जॅकवर एवढा भार येत नाही. तरीही हिशेब पूर्ण भाराचाच ठेवला, कारण जागा वाकडी असेल तर शेजारच्या जॅकचा वाटाही एकाच कोपऱ्यावर येऊन बसतो.

९ मार्च

आजचा हिशेब म्हणजे सगळ्या कामाचा पाया. पॅड निवडताना बहुतेकजण विचारतात, "हा किती पौंड झेलेल?" खरा प्रश्न पॅडखालची जमीन किती झेलेल हा आहे.

१० इंची पायाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस इंच. ७,२५० भागिले ७८.५ केलं की दर चौरस इंचाला ९२ पौंड येतात. चौरस फुटात तेच सुमारे १३,३०० पौंड. जमिनीची तपासणी न करता इमारतीच्या पायासाठी किती दाब धरायचा याचे आकडे इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये आहेत: चिकणमाती १,५००, वाळू २,०००, खडी किंवा खडीमिश्रित वाळू ३,००० पौंड प्रति चौरस फूट. हे आकडे कायमच्या बांधकामासाठी असल्याने सावध आहेत. मोटरहोम पाव इंच खचलं तर काही बिघडत नाही. पण १३,३०० आणि १,५०० यांतलं अंतर सावधपणाच्या सवलतीत बसणारं नाही.

जागेवर उभं राहून अंदाज घ्यायची एक सोपी खूण आहे. या गाड्यांच्या टायरमध्ये हवा साधारण ८० ते १०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असते आणि टायर जमिनीवर जवळपास तेवढाच दाब देतो. जॅकच्या उघड्या पायाचा दाबही ९२ पीएसआय. त्यामुळे गाडी आत घेताना टायरचे चर उमटले तर त्या जागी उघडा जॅक रुतणार हे नक्की. चर दिसले की मोठे पॅड काढायचे, पाणसळ नंतर.

मापांची तुलना मागच्या जॅकच्या भाराने केली. १६ इंची चौकोनाला, म्हणजे प्रत्यक्ष १५ ७/८ इंचाला, सुमारे ४,१४० पौंड प्रति चौरस फूट दाब येतो. २४ इंचीला, म्हणजे प्रत्यक्ष २३ ७/८ इंचाला, येतो सुमारे १,८३०. पुढच्या जॅकला १६ इंचीवर २,३३० येतो. खडीच्या जागेवर १६ इंची पुरेल, मागे काठावर, पण टायरने घेतलेला वाटा धरला तर पुरेल. ओल्या काळ्या मातीवर मागे २४ इंचीच हवा.

जाडीचं गणितही यातच येतं. भार पायाच्या कडेपासून साधारण ४५ अंशांत खाली पसरतो. एक इंच जाडीचा पॅड पायाच्या चारी बाजूंना एकेक इंचच मदत करतो, त्यापुढचा भाग वर वळतो आणि जमिनीला नुसता टेकलेला राहतो. १० इंची पायाखाली २४ इंचाचा पातळ तक्ता टाकला तर मधे खड्डा पडतो आणि कडा उचलल्या जातात. मोठा पॅड जाड नसेल तर त्याची मोठी बाजू फुकट जाते.

१५ मार्च

साहित्य ठरवलं. बाजूला काढलेल्या गोष्टी आणि त्यांची कारणं:

पोकळ सिमेंट ब्लॉक आधी बाद. ते बांधकामात सगळीकडून सारखा दाब घेण्यासाठी असतात. पायाच्या कडेचा एकाच ठिकाणी आलेला भार किंवा खालचा एक खडा त्यांना पुरतो. फुटताना ते आधी वाकून इशारा देत नाहीत, एका क्षणात भुगा होतो. ब्लॉक आडवा, भोकं बाजूला करून ठेवला तर आणखी वाईट.

एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे चौकोनी ठोकळे मुळात चाकांखाली घालायला बरे. खालून ते जाळीसारखे पोकळ असतात. सपाट काँक्रीटवर चांगले चालतात. खडीवर मात्र एखादा दगड दोन फासळ्यांच्या मधे येतो आणि सगळा भार त्याच्यावर टेकतो. जॅकखाली वापरायचेच असतील तर खाली प्लायवुडचा तुकडा हवा.

यूएचएमडब्ल्यू या चिवट पॉलिइथिलीन प्लास्टिकचा सलग तक्ता चांगला माल आहे, क्रेनच्या आउटरिगरखाली, म्हणजे बाजूला पसरणाऱ्या आधाराच्या पायांखाली, तो रोज वापरतात. कुजत नाही, पाणी पीत नाही, पाण्यावर तरंगतो. १६ इंच चौरस, १ इंच जाड तुकडा साडेआठ पौंडांच्या आसपास भरतो. पण त्याचा ताठपणा प्लायवुडपेक्षा कित्येक पट कमी. १ इंची तक्ता मऊ मातीवर बशीसारखा वाकतो. विकतच घ्यायचा तर २ इंच जाडीचा घ्यावा. तो ओला झाला की निसरडा होतो, म्हणून पृष्ठभाग खरबरीत असलेलाच बघावा.

जॅकच्या पायाला कायमचे बसवायचे रबरी पॅड काँक्रीटवर उत्तम. लोखंड घसरत नाही, आवाज होत नाही, खाली वाकून काही ठेवावं लागत नाही. क्षेत्रफळ मात्र थोडंच वाढतं आणि उंची मिळत नाही. घोड्यांच्या तबेल्यात घालतात त्या पाऊण इंची रबरी मॅटचंही तेच. घसरण थांबवायला छान, भार पसरवायला निरुपयोगी, कारण ती स्वतःच वाकते.

उरल्या २×१२ फळ्या. प्रत्यक्ष माप दीड इंच बाय सव्वाअकरा. डग्लस फरची फळी आडव्या दाबाला ६२५ पीएसआय धरतात, स्प्रूस-पाइनची ४२५. आपला दाब ९२. म्हणजे लाकूड चेंगरत नाही. ते चिरतं. पाय फळीच्या टोकाशी किंवा कडेला पडला की रेषांच्या बाजूने उभी चीर जाते. दोन फळ्या एकमेकींना काटकोनात चिकटवल्या तर चीर अडते, आणि प्लायवुडमध्ये हेच काम कारखान्यातच झालेलं असतं. म्हणून जॅकखाली प्लायवुड, चाकांखाली फळ्या, असं ठरलं.

प्लायवुड सीडीएक्स, म्हणजे बांधकामाच्या प्रतीचं, पाऊण इंची, प्रत्यक्ष जाडी २३/३२ इंच. जमिनीत पुरायच्या कामाचा औषध मारलेला प्लाय घेतला नाही. तो दुकानातून बहुधा ओलाच येतो आणि ओल्या लाकडावर गोंद धरत नाही. शिवाय त्यातल्या तांब्याच्या औषधाने साधे स्क्रू लवकर गंजतात.

२२ मार्च

कापणी. ४×८ फुटांच्या दोन शीट.

पहिल्या शीटमधून १५ ७/८ इंचाचे १८ तुकडे निघतात, रुंदीत ३ आणि लांबीत ६. पूर्ण १६ इंच धरले तर शेवटची रांग कमी भरते, कारण प्रत्येक कापात करवतीचं पातं १/८ इंच खातं. त्यांतले १२ तुकडे तीन-तीन थरांच्या चार पॅडसाठी आणि ६ उंची वाढवायच्या दोन जादा ठोकळ्यांसाठी.

दुसऱ्या शीटमधून २३ ७/८ इंचाचे ८ तुकडे. मागच्या दोन जॅकखालच्या मोठ्या पॅडसाठी तीन-तीन थर, म्हणजे ६. उरलेले २ सुटेच ठेवले, पुढच्या पॅडखाली अंथरायला.

कोपरे १ इंच तिरके उडवले. टोकदार कोपरा आधी सोलतो आणि पाणी तिथूनच आत शिरतं.

२३ मार्च

चिकटवणी. तीन सुटे तुकडे एकावर एक ठेवले तर ते एका तुकड्याच्या तिप्पट मजबूत आणि तिप्पट ताठ. तेच तीन पूर्ण चिकटवले तर नऊपट मजबूत आणि सत्तावीसपट ताठ होतात. फळ्यांची सुटी चळत जॅकखाली वाकलेली दिसते, कारण प्रत्येक फळी दुसरीवर सरकत आपापली वाकते. एवढा एक गोंदाचा डबा सगळ्या संचाचं रूप पालटतो.

गोंद टाइटबाँड ३, पाण्याला टिकणारा. सगळ्या सांध्यांचं मिळून सुमारे ३७ चौरस फूट क्षेत्र होतं, त्याला एक क्वार्ट पुरून उरला. हवा ४७ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर हे काम करू नये. गोंद दात्यांच्या पट्टीने पूर्ण पसरवायचा, नागमोडी रेघा मारून सोडायचा नाही. मधे कोरडा भाग राहिला की पॅड तिथूनच उकलतो.

प्रत्येक थर आधीच्यापेक्षा ९० अंश फिरवला, म्हणजे दोन दिशांच्या ताठपणातला फरक थोडा कमी होतो. दाबायला क्लॅम्प फक्त कडेला पोचतात, म्हणून मधे गॅल्व्हनाइज्ड सव्वा इंची स्क्रू लावले, थराला आठ. दोन थर मिळून जाडी १ ७/१६ इंच होते, त्यामुळे सव्वा इंची स्क्रूचं टोक बाहेर येत नाही. डोकी लाकडात बुडवून घेतली. उघडं डोकं काँक्रीटवर ओरखडे काढतं.

२९ मार्च

रंग. बाहेरच्या कामाचा रंग, पृष्ठभागाला तीन हात. कडांना पहिला हात पाणी घालून पातळ केलेला आणि मग चार. कडेला प्लायच्या थरांची टोकं उघडी असतात, ती पहिला हात स्पंजसारखी पिऊन टाकतात. अर्ध्या तासात कड पुन्हा कोरडी, भुकी दिसायला लागते. ती तशी दिसेनाशी होईपर्यंत थांबायचं नाही.

शेवटचा हात ओला असताना वरच्या आणि खालच्या बाजूला बारीक कोरडी वाळू चाळणीने भुरभुरली आणि वाळल्यावर जादा वाळू झाडली. लोखंडी पाय आता ओल्या पॅडवरही सरकत नाही. रंग पिवळा, कारण निघताना विसरलेला पॅड आरशात दिसला पाहिजे.

दोरीसाठी कडेपासून दीड इंचावर अर्धा इंची दोन भोकं, त्यांतून ३/८ इंची पॉलिप्रोपिलीन दोरी. भोकांच्या आतूनही रंग फिरवला. लहान पॅड भरला साडेअकरा पौंड, मोठा २६ पौंड. सगळा संच शंभराच्या वर जातो, ते वजन गाडीच्या हिशेबात धरायचं.

१२ एप्रिल

खडीच्या जागेवर पहिली चाचणी. लहान चार पॅड.

क्रम असा ठेवला: चाकांना चॉक (गाडी घरंगळू नये म्हणून अडसर), मग पॅड, मग जॅक. पॅड पायाच्या बरोबर मध्याखाली. पाय पॅडच्या कडेला दोन इंचांहून जवळ पडत असेल तर जॅक वर घेऊन पॅड सरकवायचा, पायाने ढकलायचा नाही. आडव्या स्थितीतून खाली झुलत येणारे जॅक ज्यांच्याकडे आहेत त्यांनी जॅक उभा झाल्यावरच पॅड ठेवावा, नाहीतर पाय येता येता पॅडला उडवतो.

आधी पुढे-मागे समतल, मग डावं-उजवं, तेही जोडीने. एकच कोपरा रेटत नेला तर चासिसला पीळ बसतो आणि त्याचा त्रास समोरच्या काचेला आणि स्लाइडला होतो.

जागेला आडवा उतार होता. तिथे पॅडच्या सखल बाजूखाली लाकडाचे तुकडे सारले नाहीत, उंच बाजूची खडी फावड्याने खरवडून पॅड सपाट बसवला. तुकड्यांवर टेकलेला पॅड पोकळ राहतो आणि भार एका कडेवर येतो. जॅकचा पाय थोडासाच तिरपा होऊ शकतो. त्यापुढचा तिरकेपणा थेट दांड्यावर जातो आणि वाकलेला दांडा पुन्हा नळकांड्यात जात नाही.

पॅड ३/१६ इंच बसले आणि तिथेच थांबले. जॅकचा दांडा पॅडच्या जाडीइतका, दोन इंचांच्या वर, कमी बाहेर आला. आत चालताना जाणवणारं डुलणं त्यामुळे कमी होतं, शिवाय चकचकीत दांडा जितका कमी उघडा तितका धूळ आणि गंज यांपासून सुरक्षित.

३ मे

टेंपलजवळ काळ्या मातीवर मुक्काम, आदल्या दिवशी पाऊस झालेला. ही ह्यूस्टन ब्लॅक माती, टेक्सासची राज्य-माती म्हणून ओळखली जाणारी. मराठवाडा आणि विदर्भातल्या काळ्या मातीसारखीच ती व्हर्टिसॉल गटातली. ओली झाली की फुगते, चिकटते, वाळली की भेगाळते. औताला काय होतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना जॅकचं वेगळं सांगायला नको.

गाडी आत घेताना टायरचे चर दीड इंच खोल उमटले. मागे मोठे पॅड खाली, त्यावर लहान, एकूण उंची सव्वाचार इंच. ९ इंचांच्या मोकळ्या जागेत ती आरामात बसते. हा आकडा आधी तपासायचा असतो. चळत फार उंच झाली आणि त्यात टायर खचले तर जॅक पूर्ण वर घेऊनही पाय सुटत नाही आणि गाडी चळतीवर अडकून राहते. पुढे लहान पॅडखाली सुटा २४ इंची तुकडा.

४ मे

सकाळी गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यात थोडी उतरलेली. अशा वेळी बटण दाबण्याआधी मोजायचं. रात्री झोपण्यापूर्वी चारही जॅकचा उघडा दांडा, म्हणजे नळकांड्याच्या तोंडापासून पायापर्यंतचं अंतर, मोजून मास्किंग टेपवर लिहून ठेवलेलं होतं. सकाळी तेच पुन्हा मोजलं.

दांड्याची लांबी कमी झाली असेल तर कारण तेलात आहे: रात्रीच्या गारव्याने तेल आकसतं, किंवा व्हॉल्व्ह, सील झिरपतात. लांबी तीच असून कोपरा उतरला असेल तर जमीन खचली. या ठिकाणी मागच्या डाव्या दांड्याची लांबी तीच होती आणि मोठा पॅड ३/८ इंच मातीत बसलेला. पॅडची चारही टोकं सारखीच खाली गेली होती, मधे खड्डा नव्हता. म्हणजे तीन थर पुरेसे ताठ आहेत. कोपरा पुन्हा वर घेतला, दुपारपर्यंत हलला नाही.

पुढे उजवीकडे सुटा तुकडा मात्र मधे दबून कडांना वर आला. एक थर २४ इंचाला पुरत नाही, हे गणितातही दिसत होतं. ते दोन तुकडे एकमेकांना चिकटवून टाकायचे आणि पुढच्या दोन्ही जॅकसाठी आणखी एक शीट आणायची.

पॅड काढताना ही माती खालून ओढून धरते. दोरी सरळ वर ओढली तर भोकं फाटतात. एका कोपऱ्याखाली फावडं घालून हवा आत जाऊ दिली की पॅड लगेच सुटतो. माती ओली असतानाच धुऊन टाकावी.

१७ मे

मागची बाजू सखल असलेल्या जागेचा प्रश्न. हा पॅडपेक्षा मोठा आहे, म्हणून वेगळी नोंद.

२२८ इंच व्हीलबेसला २ टक्के उतार असला तरी पुढच्या-मागच्या चाकांत साडेचार इंचांचा फरक पडतो. तेवढी मागची बाजू जॅकने उचलली तर मागचे टायर हलके होतात किंवा जमीन सोडतात. पार्किंग ब्रेक मागच्याच चाकांना धरतो. अनेक वर्षांत बनलेल्या एफ-५३ चासिसवर तो चाकांवर नसून ड्राइव्हशाफ्टवर, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यावर, असतो. अशा गाडीत एकाच बाजूची चाकं उचलली गेली तरी ब्रेक गेला, कारण डिफरन्शियलमधून (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडणीतून) उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. मग गाडीला धरून ठेवणारे फक्त जॅकचे दांडे, आणि ते आडव्या जोराला बनवलेलेच नाहीत.

उपाय म्हणजे जॅक लावण्याआधी मागची चाकं फळ्यांवर चढवणं. एका बाजूच्या दोन्ही टायरची मिळून रुंदी २१ इंचांच्या आसपास, दोन २×१२ फळ्या शेजारी ठेवल्या की साडेबावीस. दोन्ही टायर पूर्ण फळीवर हवेत. एकच टायर फळीवर आणि दुसरा हवेत असेल तर दोघांचा भार एकट्यावर येतो. पायऱ्या ४८, ३६ आणि २४ इंच लांबीच्या, प्रत्येकीने दीड इंच, एकूण साडेचार इंच. टायरचा जमिनीला टेकणारा भाग सगळाच्या सगळा वरच्या फळीवर बसला पाहिजे. तरीही जागा पुरत नसेल तर गाडी उलटी लावायची किंवा दुसरी जागा मागायची.

समतल करायचे जॅक हे दुरुस्तीचे जॅक नव्हेत. त्यांच्या भरवशावर गाडीखाली कुणी शिरू नये, पॅड कितीही मोठे असोत.

१४ जून

डांबरी जागा, दुपारचं ऊन. उन्हात डांबर मऊ पडतं आणि सततच्या भाराखाली हळूहळू सरकत राहतं. संध्याकाळी ठीक दिसलेलं सकाळपर्यंत खड्डा होऊ शकतं. लहान पॅडने हलका चौकोनी ठसा उमटला, खोली मोजण्याइतकी नाही. उघड्या पायाचे जुने गोल खड्डे याच जागेवर शेजारी दिसतात, बोटाचं पेर बुडेल एवढे.

पॅड डांबराला चिकटले होते. पहाटे, डांबर थंड असताना, पहारीने एक कड उचलून सोडवले. गाडीने ओढून काढू नयेत, डांबराचा पापुद्रा सोबत येतो आणि पॅडचा रंगही सोलतो. खालच्या बाजूचा रंग दोन ठिकाणी गेला, तिथे त्याच आठवड्यात पुन्हा दोन हात.

१९ जुलै

पुढच्या मोठ्या पॅडची शीट आणून कापली. आधीच्या चिकटवलेल्या दोन तुकड्यांवर एक तिसरा थर आणि दुसरा पॅड नव्याने तीन थरांचा. चारही जॅकला आता २४ इंची खालचा पॅड आहे.

कोरड्या दिवसांत काळ्या मातीला दोन बोटं रुंद भेगा पडल्या आहेत. वरून माती दगडासारखी लागते, पॅड बसतही नाहीत. पण भेगेच्या काठावर पॅड टेकवू नये, भार आला की काठ ढासळतो आणि पॅड तिरका होतो. गाडी फूटभर पुढे-मागे घेऊन भेग पॅडपासून निदान सहा इंच दूर ठेवायची. तेही जमत नसेल तर भेग पॅडच्या मधोमध घ्यावी, दोन्ही बाजूंना सारखा टेका मिळतो. भेगेत वाळू भरून ठेवली तर पाऊस आल्यावर पाणी तिथूनच खोल जातं आणि पॅडखालची माती आधी मऊ होते, म्हणून ती मोकळीच सोडावी आणि वर ताडपत्रीचा तुकडा अंथरावा.